खुलासा : मेनोनाइट विद्यापीठात पुस्तकं नसतात?

‘अमेरिकेतले मेनोनाइट लोक घोडागाडीतून फिरतात, त्यांच्या विद्यापीठात पुस्तकं नाहीत, फक्त शेती न् सुतारकाम, आणि डिग्रीला किंमत नाही’ असा मेसेज फिरतोय. (मेनोनाइट हा एक ख्रिस्ती पंथ.) त्यात घोळ आहे.

घोडागाडीवाले मुख्यतः आमिश पंथाचे. 1693 च्या सुमारास ते मेनोनाइटांपासून वेगळे झाले आणि आजही त्यांची मुलं बहुधा आठवीनंतर शाळा सोडतात. काही जुन्या वळणाचे मेनोनाइटही घोडागाडी वापरतात, पण कॉलेजं चालवणारे ते नव्हेत.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं मेनोनाइटांचं गोशेन कॉलेज घ्या. तिथे नर्सिंग आहे, जीवशास्त्र आहे, परीक्षाही आहेत (सुटका नाही!). मेसेजमधल्या ‘हातकामा’चं मूळ बहुधा 1968 पासूनच्या ‘स्टडी-सर्व्हिस टर्म’मध्ये असावं. या सत्रात विद्यार्थी परदेशात एखाद्या कुटुंबात राहतो. आधी काही आठवडे तिथली भाषा, इतिहास, समाज शिकायचा. मग एखाद्या शाळेत नाहीतर दवाखान्यात काम. सोबत रोजनिशी. म्हणजे दिवसभर मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये धडपडायचं आणि रात्री वही उघडून ‘आपलं नेमकं काय चुकलं’ ते लिहायचं. माझ्या मते खरा अभ्यास त्या वहीतच होतो. नुसतं काम करून आलं तर ती सहल ठरेल.

आणि ‘डिग्रीला किंमत नाही’ हेही खोटं. 2011 चं शांततेचं नोबेल मिळालेल्या लायबेरियाच्या लेमा बोवी यांनी व्हर्जिनियातल्या ईस्टर्न मेनोनाइट युनिव्हर्सिटीतूनच एम. ए. केलंय.