कागद चिपाडाचा व्हावा, पण पंचगंगेच्या जिवावर नको

गावी फोन केला की ऊसदराच्या पाठोपाठ हल्ली दुसरा विषय निघतो: आपल्या साखर कारखान्यानं बगॅसचा, म्हणजे ऊस गाळून उरलेल्या चिपाडाचा, कागद का करू नये? शिरोळकडचा माझा चुलतभाऊ म्हणतो, झाडं तोडून कागद करायचा आणि चिपाड बॉयलरमध्ये घालायचं, हे उलटंच झालं. काका म्हणतात, आधी पंचगंगा नदीचं बघा. पटतं मला दोघांचंही. पण आधी काय, नंतर काय, हे काकांनी बरोबर ओळखलंय. मी राहतो त्या नेदरलँड्सच्या ग्रोनिंगन प्रांतानं तेच भोगलंय.

इथं पूर्वी गव्हाच्या काडापासून पुठ्ठा बनायचा. काड चुना घालून मोठाल्या गोल फिरत्या बॉयलरमध्ये वाफेवर शिजवायचे आणि त्याचा लगदा काढायचे. यातले बरेच कारखाने शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीचे होते. वारणा, बिद्री, कुंभी-कासारी हे कोल्हापूरकडचे सहकारी साखर कारखाने बघत वाढलेल्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. पण शिजवलेल्या काडाचं घाण पाणी थेट कालव्यांत जायचं. पाणी काळं पडायचं, वर फेसाचे ढीग, आणि काठावर उभं राहवणार नाही असा वास. शेतकरी मालक होता म्हणून कालवा वाचला नाही. 1970 मध्ये जलप्रदूषणाचा कायदा आला. त्याच दशकात काडाचा पुठ्ठा संपला आणि उरलेले कारखाने रद्दीवर चालू लागले.

बगॅसचा कागद होतो का, हा प्रश्नच उरलेला नाही. तमिळनाडू सरकारनं 1979 मध्ये स्थापन केलेल्या कंपनीनं करूरजवळ बगॅसवर वर्तमानपत्री कागद काढून दाखवला. साखर कारखान्यांकडून बगॅस घ्यायचा आणि बदल्यात त्यांच्या वाफेची, इंधनाची सोय करायची, ही त्यांची रीत. भावानं नीट बघावं ते हे. टनभर उसामागे 280 ते 300 किलो ओला बगॅस निघतो खरा, पण तो कुठं फुकट पडून नाही. त्यावरच कारखाना चालतो आणि वरची वीज विकली जाते. शेतातल्या पाचटाकडे, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याकडे, तर कुणी बघूच नये. ते खोडव्याच्या, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या, सरीतच कुजलं पाहिजे.

खरी मेख काळ्या पाण्यात आहे. बगॅस कॉस्टिक सोड्यात शिजवला की धागा सुटतो आणि बाकीचं सगळं पाण्यात उतरतं. मोठी मिल ते पाणी आटवून जाळते, त्यातून वाफ मिळवते आणि सोडाही परत काढते. लहान मिलला ही यंत्रणा परवडत नाही. मग ते पाणी रात्रीत ओढ्यात जातं, आणि आपल्याकडचा ओढा शेवटी पंचगंगेलाच मिळतो. 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यानं काविळीची साथ आली. माणसं गेली. हे आठवत असताना प्रत्येक कारखान्याच्या आवारात एकेक छोटी पेपर मिल, हा विचार मला धोक्याचा वाटतो. व्हायचीच तर चार-पाच कारखान्यांनी मिळून एकच मोठी व्हावी.

भावानं वार्षिक सभेत ठराव मांडावाच. मात्र काळं पाणी आटवण्याच्या यंत्रणेचा खर्च त्याच ठरावात, पहिल्याच टप्प्यात हवा. ती दुसऱ्या टप्प्यात ढकललेली दिसली, तर काकांनी उभं राहून विरोध नोंदवावा, आणि भावानंही त्यांच्या बाजूनं हात वर करावा.