‘राहू द्या मॅडम, ती परत येणारे’

दुपारपासून डोकं तापलंय. लिहून टाकल्याशिवाय शांत व्हायचं नाही.

एक अर्ज प्रिंट करायला स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. प्रवेशाचे दिवस, त्यामुळे पोरापोरींची ही गर्दी. माझा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर कुणा मुलीचा गूगल ड्राइव्ह उघडाच होता. कोपऱ्यात तिचा गोल फोटो आणि खाली यादी: दहावी मार्कलिस्ट, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, ‘पप्पा आधार’, ‘मम्मी पासबुक’. मुलगी दुकानात नव्हतीच. म्हटलं, अरे, आधी हिचं लॉगआउट कर. तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, “राहू द्या मॅडम, ती परत येणारे. पुन्हा लॉगिन म्हणजे ओटीपीची कटकट.”

तिच्या बापाचं आधार अख्ख्या रांगेला दिसतंय आणि याला कटकट ओटीपीची!

क्लाउडला, म्हणजे ड्राइव्हसारख्या इंटरनेटवरच्या साठवणीला, नावं ठेवायला मी बसलेली नाही. मी रोज वापरते. घरी लॅपटॉपवर लिहिलेलं एसटीत फोनवर वाचते. आईच्या रिपोर्टांचं फोल्डर पुण्यातल्या भावाशी शेअर केलंय, डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला की तो तिथूनच काढून दाखवतो. पण हे सुख कशामुळे? फोन माझा, लॅपटॉप माझा, भावाचा फोन भावाचा. ज्या घरात चार माणसांत एकच फोन आहे, त्या घरातल्या मुलीला कॉम्प्युटर लागला की तो झेरॉक्सच्या दुकानातलाच. एका मार्कलिस्टच्या प्रिंटसाठी ती तिथं पासवर्ड टाकते आणि घराची किल्ली काउंटरवर ठेवून निघून जाते. कारण खातं एकच. ड्राइव्ह उघडला की मेल उघडतो, फोनमधले फोटो वर चढत असतील तर तेही दिसतात. घाईत क्रोम ब्राउझरचं सिंक, म्हणजे खात्यातलं सगळं त्या कॉम्प्युटरशी जुळवून घेणं, चालू झालं असेल तर साठवलेले पासवर्डसुद्धा दुकानाच्या कॉम्प्युटरवर उतरतात. हे त्या मुलीला कुणी कधी सांगितलंय?

पेनड्राइव्ह होता तेव्हा काय वेगळं होतं, असं कुणीतरी म्हणेलच. व्हायरस यायचे, तो हरवायचा, मान्य. पण काम झालं की खिशात घालून घरी तरी आणता यायचा.

पुढचं ऐका. मी तिथून हललेच नाही तेव्हा त्यानं लॉगआउट केलं, आणि माझी फाइल शोधायला डाउनलोडचं फोल्डर उघडलं. आधार, आधार १, आधार २, आधार ३… एकाच नावाच्या फाइली आल्या की कॉम्प्युटर आपला आकडे लावत जातो. स्क्रीन सरकत होती तरी यादी संपेना. कुणाकुणाच्या घरची कागदं, कधीपासून पडलेली!

आधारवाल्यांच्याच बेंगळुरूच्या कार्यालयानं मे २०२२ मध्ये सूचना काढली होती. सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर ई-आधार उतरवू नका, उतरवलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा, आणि कुणाला द्यायचं तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार द्या. इतका शहाणा सल्ला! दोन दिवसांत मागे घेतला. म्हणे लोकांचा गैरसमज होईल. कसला गैरसमज? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टानं २०१७ साली सांगितलं, तो काय फक्त स्वतःचा लॅपटॉप असणाऱ्यांसाठी?

त्या मुलावर मात्र राग धरवत नाही. विशीतला पोरगा, सकाळी शटर उघडल्यापासून उभा. ‘फाइल मोठी आहे’ म्हणून फॉर्म अडकला की तोच ती दाबून केबीत बसवून देतो. बाजूला एका आजोबांना पेन्शनचा कागद काढून दिला, पैसेही घेतले नाहीत. तो नसता तर किती पोरांचे फॉर्म राहिले असते कोण जाणे. सगळं ऑनलाइन करणाऱ्यांनी त्याला तरी कुठं एक दिवस बसवून शिकवलं?

राग आहे तो कागद मागणाऱ्यांवर. डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं ठेवायचं सरकारचं ऑनलाइन कपाट, २०१५ पासून आहे. आपल्या बोर्डाची मार्कलिस्ट त्यात मिळते, आणि तिथून आलेला कागद नियमाप्रमाणे मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे. तरीही खिडकीवर ‘दोन झेरॉक्स जोडा’. आधी अपलोड करा, मग त्याचीच प्रिंट काढून आणा! पोरगी दुकानात जाते ती या प्रिंटपायी.

माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये इतके शिक्षक आहात. बारावीच्या वर्गात एक तास काढा आणि हे फळ्यावर लिहा. दुकानात आपलं खातं उघडायचंच नाही. लागतो तेवढाच एक कागद फोनवरून पाठवायचा, प्रिंट निघाली की आपल्यासमोर पुसायला लावायचा, आणि डिलीट झाल्यावर रिसायकल बिनही रिकामी करायला सांगायची. ड्राइव्हची लिंक दिली असेल तर घरी येऊन शेअरिंग बंद करायचं. कुठं लॉगिन राहून गेलंय असं वाटलं तर फोनमध्ये गूगल खात्याच्या सिक्युरिटीत जायचं, तिथं आपल्या डिव्हाइसची यादी असते, त्यातल्या अनोळखी कॉम्प्युटरवरून घरबसल्या साइन आउट करता येतं. नंतर पासवर्डही बदलायचा.

आणि दुकान चालवणारं कुणी वाचत असेल तर, दादा, क्रोममध्ये गेस्ट विंडो असते. गिऱ्हाइकाला तीच उघडून द्या, बंद केली की लॉगिन आपोआप जातं. डाउनलोडचं फोल्डर रोज रात्री शटर ओढायच्या आधी रिकामं करा. मी परवा पुन्हा जाणार आहे त्या दुकानात, त्या मुलाला हे शेजारी बसून दाखवणार आहे. तुम्हीही आपापल्या नाक्यावर जा.