केसाने गळा कापला

परवाचा अपमान अजून पचलेला नाही. तोही एका पेटीवरून.

तिकीट, रांग, पाठीवरची बॅग पोटाशी धरायचा हुकूम, हे सगळं सोडून देतो. समकालीन कलेच्या त्या संग्रहालयाची इमारत म्हणे आधुनिक वास्तुकलेचा चमत्कार. भिंत सरळ नाही, बसायला बाक नाही आणि स्वच्छतागृह कुठे ते फक्त वास्तुविशारदाला ठाऊक. पॅरिसचं पॉम्पिदू केंद्र १९७७ साली उघडलं तेव्हा लोकांनी नावं ठेवली, कारण सगळे पाइप इमारतीच्या बाहेर. पण तिथले पाण्याचे पाइप हिरवे रंगवलेत. अडलेला माणूस निदान हिरव्याचा माग तरी काढेल!

तर शोधता शोधता एक पेटी दिसली. आत कळेल न कळेल असं फिरणारं नळकांडं, त्यावर आखीव कागद आणि दोन लेखण्या दोन रेघा ओढताहेत. मी वाकलो. शेजारी एक गृहस्थ येऊन ठाकले. चष्मा दोरीला, हात पाठीमागे.

"नवरा-बायको," ते पुटपुटले.

"कोण?"

"या रेघा. एक चढली की दुसरी उतरते, बघा."

बघितलं. खरंच की! लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पटायला वेळ लागत नाही.

"पण शीर्षक कुठे दिसत नाही?"

"शीर्षक देणं म्हणजे शरण जाणं."

हे मी वहीत उतरवून घेतलं. तिथेच घात झाला.

कारण एक कर्मचारी बाई आल्या, किल्लीने पेटी उघडली आणि कागद बदलू लागल्या. "काका, मागे व्हा. तुमच्या श्वासाने रीडिंग बिघडतं."

ते तापमान आणि आर्द्रता नोंदवायचं यंत्र होतं. आत माणसाचे केस ताणून बसवलेले असतात. दमट हवेत ते लांबतात, कोरड्या हवेत आखडतात, तशी लेखणी हलते. गृहस्थ तोवर पुढच्या दालनात, पांढऱ्या कॅनव्हाससमोर, हात पाठीमागे. ओळखसुद्धा दाखवली नाही.

मी मागे सरून भिंतीला टेकलो. हवा जरा दमट झाली की चित्रांसाठी धावाधाव. दोन तास उभ्या गुडघ्यांची रेघ कोण काढतो? त्या केसांना तरी ताणून का होईना, बसवलंय.

काढलेल्या कागदावर शेवटी नखाएवढा उंचवटा होता. माझा.

"हे नंतर कोण बघतं?"

"ऑफिसात फाइलला लावतात," बाई म्हणाल्या. "आणि काका, टेकू नका. ते स्वच्छतागृहाचं दार आहे."