फ्लामेलच्या घरात परीस नव्हता, भाडेकरू होते

पॅरिसमधील मोंमोरान्सी रस्त्यावरील ५१ क्रमांकाच्या दगडी घराचे छायाचित्र समाजमाध्यमांवर एका ठरावीक मजकुरासह फिरत असते: हे शहरातील सर्वांत जुने घर, येथे निकोला फ्लामेल हा किमयागार राहत होता, येथेच त्याला परीस गवसला आणि त्या सोन्यावर तो गबर झाला, दर्शनी भागावर त्याने आपली गुप्त सूत्रे कोरून ठेवली. यांतील पहिले विधान बव्हंशी ग्राह्य आहे, बाकीची मात्र टिकत नाहीत.

घर १४०७ सालचे आहे. वोल्टा रस्त्यावरील एक लाकडी सांगाड्याचे घर याहून शतकभर जुने मानले जात असे. पण ते सतराव्या शतकातील असल्याचे १९७९ मध्ये सिद्ध झाले आणि ज्येष्ठत्वाचा मान याच्याकडे आला. अर्थात हा मान राहत्या घरांपुरताच. नोत्र-दाम या पॅरिसमधील भव्य चर्चचे बांधकाम ११६३ मध्येच सुरू झाले होते.

फ्लामेल येथे राहतच नव्हता. सँ-जाक-द-ला-बूशरी या चर्चच्या परिसरात त्याचे घर होते आणि हस्तलिखितांच्या नकला करणे व विकणे हा त्याचा धंदा होता. १३९७ मध्ये पत्नी पेर्नेल वारल्यानंतर त्याने मोंमोरान्सी रस्त्यावरचे हे घर धर्मकार्य म्हणून बांधले. तळमजल्यावरील दुकानांचे भाडे यायचे आणि वर गरीब कष्टकऱ्यांना आसरा मिळायचा. त्याचा मोबदला काय, हे दर्शनी भागावरील लेखातच नोंदवले आहे: येथे राहणाऱ्या प्रत्येक स्त्रीपुरुषाने मृत पापी जनांना क्षमा मिळावी म्हणून दररोज एक ‘पातेर नोस्तेर’ आणि एक ‘आवे मारिया’ या ख्रिस्ती प्रार्थना म्हणाव्यात. ज्याला गुप्त सूत्र म्हणून मिरवले जाते, तो मजकूर प्रत्यक्षात रहिवाशांवरील अटच आहे, आणि तीही रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही वाचता यावी अशी उघड.

राहिला पैशाचा प्रश्न. पेर्नेल दोनदा विधवा झालेली होती आणि तिने लग्नात मालमत्ता आणली होती. शिवाय फ्लामेलचा स्वतःचा व्यवसाय होता आणि घरांची भाडी होती. एवढ्यावर एखादा माणूस सुखवस्तू होऊ शकतो, त्यासाठी परिसाची गरज पडत नाही. फ्लामेल १४१८ मध्ये वारला, आणि त्याच्या नावावरचे किमयाविषयक पुस्तक पॅरिसमध्ये छापले गेले ते १६१२ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनी. त्याच्या हयातीत त्याची ख्याती नकलनवीस आणि दानशूर गृहस्थ अशीच होती. त्याला अमरत्व लाभले, हे तर सोडूनच द्यावे. त्याच्या थडग्याचा कोरीव दगड क्लूनी संग्रहालयात आहे.

१९११ मध्ये फ्रान्सने या घराला ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षण दिले. त्यामागे किमया शोधण्याचे कारण नाही: खाली दुकाने, वर गरिबांची वस्ती आणि बदल्यात रोजची प्रार्थना, अशी पंधराव्या शतकातील दानाची व्यवस्था दगडावर कोरलेल्या अटीसकट उभी असणे, हे पुरेसे मोलाचे आहे.