रक्तात नसलेले धनुष्य

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटावर दर काही महिन्यांनी एक मजकूर फिरून येतो. कोरियन लोकांच्या रक्तातच तिरंदाजी आहे, लहानपणापासून चॉपस्टिकने जेवल्यामुळे त्यांची बोटे स्थिर असतात, आणि आपण मात्र अर्जुनाचे वारस असूनही परंपरा विसरलो म्हणून ऑलिंपिकमध्ये रिकाम्या हाताने परततो, असा त्याचा आशय असतो. गेल्या चुसोकच्या, म्हणजे कोरियातल्या सुगीच्या सणाच्या, सुट्टीत साताऱ्याच्या माझ्या मावसभावाने तो पुन्हा पाठवला आणि खाली लिहिले, "तू तिथेच, कोरियात राहतोस, तूच सांग." या मजकुराची मला मनापासून चीड आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देणे जमले नाही.

चॉपस्टिकचा मुद्दा लगेच निकालात काढता येतो, कारण चीन आणि जपानमध्येही लोक चॉपस्टिकनेच जेवतात. रक्ताचा मुद्दा अधिक चीड आणणारा आहे, कारण तो दुसऱ्याची मेहनत नाकारतो आणि स्वतःच्या आळसाला निमित्त पुरवतो. पॅरिसमध्ये २०२४ साली कोरियाने तिरंदाजीची पाचही सुवर्णपदके जिंकली. महिलांच्या सांघिक स्पर्धेत तर १९८८ पासून सलग दहा वेळा सुवर्ण त्यांचेच आहे. पण ज्या धनुष्याने ही पदके मिळाली, ते पाश्चात्त्य घडणीचे आहे. त्याची प्रत्यंचा तीन बोटांनी ओढतात, लक्ष्य ७० मीटरवर असते, आणि हा खेळ कोरियात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. त्यामागे १९८५ पासून ह्युंदाईचा पैसा आहे आणि कोणाचीही गय न करणारी निवड आहे. रिओमध्ये दोन सुवर्णपदके जिंकलेली चांग हे-जिन टोकियोच्या संघात येऊ शकली नाही. टोकियोची स्पर्धा वर्षभर लांबली तेव्हा आधीची निवड रद्द करून ती पुन्हा पहिल्यापासून घेतली गेली. आपल्याकडे जगज्जेत्या खेळाडूला असे पुन्हा रांगेत उभे केले असते, तर किती शिफारशींचे फोन गेले असते, याचा मावसभावाने विचार करावा.

कोरियाचे स्वतःचे धनुष्य वेगळे आहे आणि गेली सहा वर्षे मी ते इथल्या सुवॉन शहरात शिकतो आहे. म्हशीचे शिंग, वेळू, तुतीचे लाकूड आणि जनावराचे स्नायू माशाच्या सरसाने चिकटवून ते घडवतात आणि वरून भूर्जाची साल लावतात. लक्ष्य १४५ मीटरवर असते आणि एका फेरीत पाच बाण सोडायचे असतात. कोरियात म्हैस नसल्यामुळे ते शिंग पूर्वीपासून बाहेरून आणावे लागे. म्हशींच्या गोठ्याशेजारी वाढलेल्या मला ही गोष्ट कळली, तेव्हा लहानपणी निरुपयोगी म्हणून फेकलेली पाहिलेली शिंगे आठवली आणि त्या संध्याकाळी घरची फार आठवण आली.

हे धनुष्य पावसाला घाबरते. १३८८ साली सेनापती यी सोंग-ग्ये याला चीनच्या मिंग साम्राज्यावर चाल करून जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा त्याने विरोधाची चार कारणे दिली. त्यांतले एक असे, की हे उन्हाळी पावसाचे दिवस आहेत, धनुष्यांचा सरस सुटेल आणि सैन्यात रोगराई पसरेल. त्याचे कोणी ऐकले नाही, तेव्हा तो वीह्वा बेटावरून सैन्य घेऊन मागे फिरला, राजधानी ताब्यात घेतली आणि १३९२ मध्ये जोसोन राजघराण्याची स्थापना केली. यी सोंग-ग्ये स्वतः नावाजलेला धनुर्धर होता. धनुष्याच्या मर्यादा त्यालाच नेमक्या ठाऊक असणार. आजही शिंगाचे धनुष्य चढवण्याआधी उबदार पेटीत ठेवून कोरडे करावे लागते, म्हणून माझ्यासारखे बहुतेक नवशिके कृत्रिम तंतूंचे धनुष्य वापरतात.

ही परंपरा अखंड वाहत आली, असेही कोणी समजू नये. १८९४ च्या सुधारणांत जुनी लष्करी परीक्षा बंद झाली आणि तिच्याबरोबर धनुष्याचे युद्धातले कामही संपले. त्यानंतर १८९८ मध्ये राजा कोजोंगच्या आज्ञेने सोलच्या राजवाड्यात ह्वांगहाकजोंग हे धनुर्विद्येचे स्थान उभे राहिले. जपानी राजवटीत, १९२२ साली, ते तेथून हलवावे लागले, पण बंद पडले नाही. धनुष्यबाण घडवणाऱ्या कारागिरांच्या कलेला सरकारने १९७१ मध्ये राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला, आणि बाण मारण्याच्या प्रथेला तो २०२० मध्ये मिळाला. एवढे सारे ठरवून करावे लागले. नुसत्या रक्ताच्या भरवशावर राहिले असते, तर ते धनुष्य आज संग्रहालयात दिसले असते.

पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी माझ्या अंगठ्यात शिंगाची अंगठी चढवली, कारण या पद्धतीत प्रत्यंचा अंगठ्यानेच ओढतात. तासाभराने अंगठा इतका ठणकू लागला की हातात पाण्याचा पेला धरवेना. शाळेत शंभरदा ऐकलेल्या एकलव्याच्या गोष्टीत नेमके काय मागून घेतले गेले, ते मला साताऱ्यात कधी कळले नव्हते. त्या दिवशी सुवॉनमध्ये हाताला कळले.

मावसभावाला अजून न सांगितलेली एक गोष्ट येथे लिहितो. आमच्या मैदानावर ऐंशी वर्षांचे एक आजोबा येतात. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला विचारले, "तुमच्या देशात धनुष्य आहे का?" मी त्यांना अर्जुनाची आणि पक्ष्याच्या डोळ्याची गोष्ट सांगितली, अगदी तो माझ्याच भावकीतला असावा अशा थाटात. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "तुमच्या गावी बाण मारायला लोक कुठे जमतात?" मला उत्तर देता आले नाही. मी गावी असताना धनुष्याला कधी हातही लावला नव्हता. टोकियो आणि पॅरिसमध्ये भारताकडून खेळलेला प्रवीण जाधव फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा. माझ्याच जिल्ह्यातला असून त्याचे नाव मी परदेशात बातम्यांमध्ये प्रथम ऐकले. साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी, २०२३ मध्ये, बर्लिनला जागतिक विजेती झाली, आणि त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळेही. ती मुले रोज सरावाला जात होती, तेव्हा मी येथे बसून परक्या लोकांना महाभारत सांगत होतो. मावसभावाच्या मजकुराची मला एवढी चीड का येते, हे मला त्यामुळे थोडेफार कळते.

आमच्या मैदानावर पहिला बाण सोडण्यापूर्वी प्रत्येक जण मोठ्याने म्हणतो, "ह्वाल पेउम्निदा", म्हणजे मी धनुष्य शिकतो आहे. चाळीस वर्षे बाण मारणारे ते आजोबाही तेच म्हणतात, आणि बाकीचे त्यांना पुष्कळ नेम लागोत अशा शुभेच्छा देतात. मावसभावाला मी शेवटी एवढेच लिहिले, की रविवारी साताऱ्यात तिरंदाजीचा सराव चालतो तेथे जा, मुले कोणत्या वेळी येतात ते विचार आणि मला कळव; दिवाळीत मी आलो की आपण दोघे तेथे जाऊ.