दुधी पट्ट्याचं खापर एकट्या रसायनावर नको

केडीपी (पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट) स्फटिक द्रावणातून वाढवण्यावरच्या लेखात त्यातल्या दुधी पट्ट्याचं कारण 'अशुद्ध रसायन' एवढंच दिलंय. ते अर्धंच खरं. पट्टा बीजाला (ज्यावर स्फटिक वाढवतात त्या छोट्या तुकड्याला) लागून असेल तर तो टोपी धरतानाचा दोष आहे. सपाट कापलेल्या बीजावर आधी पिरॅमिडचा आकार, म्हणजेच टोपी, भरून येतो, आणि त्या घाईत द्रावणाचे बारीक थेंब आत कोंडले जातात. पुढची बरीच विस्थापनंही (अणूंच्या रांगा सरकल्याचे दोष) तिथूनच निघतात. म्हणून टोपी पूर्ण होईस्तोवर तापमान अगदी संथ उतरवायचं आणि तो भाग कापताना सरळ सोडून द्यायचा.

पट्टा बीजापासून दूर, एकाच बाजूला असेल तर ढवळणं तपासा. स्फटिक एकाच दिशेनं फिरत राहिला की त्याच्या पाठीमागे द्रावण साचतं, तिथली अतिसंपृक्तता (मर्यादेपेक्षा जास्त विरघळलेला क्षार) घटते आणि पृष्ठ खडबडीत होतं. दिशा ठरावीक वेळानं उलटवायची, मध्ये थोडं थांबून.

रसायनाचा दोष वेगळा दिसतो. लोह, क्रोमियम, ॲल्युमिनियमचे त्रिसंयुजी (तीन धनभारांचे) आयन मुख्यतः प्रिझमच्या, म्हणजे स्फटिकाच्या उभ्या, बाजूंना चिकटतात, वाढीच्या पायऱ्या (पृष्ठावर पुढे सरकणारे थरांचे काठ) अडवतात आणि स्फटिक वर निमुळता होत जातो. पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) मोजण्याइतकं लोहसुद्धा पुरतं! गाळणी लावून हे जात नाही, कारण आयन विरघळलेले असतात. गाळणी फक्त कण अडवते.

तपासणी सोपी आहे: अंधारात हीलियम-निऑन लेसरचा किरण आडवा सोडा, कोंडलेले थेंब ठिपक्यांसारखे चमकतात. ताण मात्र त्यात दिसत नाही. त्यासाठी झेड-काप (स्फटिकाच्या उभ्या अक्षाला आडवा कापलेला तुकडा) काटकोनातल्या दोन पोलरायझरांमध्ये (प्रकाश एकाच प्रतलात कंपित ठेवणाऱ्या चकत्यांमध्ये) धरावा लागतो.