काचेतून जाताना प्रकाश अणूंना धडकत नाही हो

गेले काही दिवस एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. काचेत प्रकाश अणूंना धडकतो, अणू त्याला गिळतात आणि परत सोडतात म्हणून तो स्लो होतो, बाहेर आल्यावर परत फुल स्पीड पकडायला एनर्जी कुठून येते हे कोणालाच माहीत नाही, आणि स्पीड बदलतो म्हणजे आइन्स्टाईन चुकला. दहावीची पोरं अपवर्तन (काचेत-पाण्यात शिरताना प्रकाशाचं वळणं) शिकताना हेच वाचतायत म्हणून लिहितोय.

स्लो होतो हे खरंय. पाण्यात सेकंदाला सव्वादोन लाख किमी, काचेत 2 लाख, हिऱ्यात सव्वा लाखाच्या आसपास. पाण्यात तो हवेपेक्षा हळू जातो हे फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1850 लाच दाखवलं होतं.

पण गिळणं-सोडणं हे साफ चूक. अणूने प्रकाश गिळला की तो सोडणार कुठल्याही दिशेला, मग खिडकीतून समोरचं झाड स्पष्ट दिसलंच नसतं, नुसता धुरकट उजेड आला असता. आणि वेळेचा हिशोब करून बघा ना, 1 मिमी काचेत प्रकाशाला जास्तीचा उशीर होतो फक्त 1.7 पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या दुप्पटसुद्धा नाही, आणि अणूला गिळलेला प्रकाश सोडायला सहसा काही नॅनोसेकंद लागतात, म्हणजे एकदाच गिळला तरी उशीर हजारो पटीने जास्त व्हायला हवा! खरं काय होतं तर प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राने काचेतले इलेक्ट्रॉन हलतात, त्यांच्या स्वतःच्या बारीक लहरी निघतात, आणि या सगळ्या मूळ लहरीत मिसळून जी एकत्र लहर बनते तिची शिखरं मागे पडत जातात. तीच हळू दिसते.

एनर्जीचं म्हणाल तर ती वारंवारतेवर (सेकंदाला किती लहरी) ठरते, आणि वारंवारता काचेत बदलतच नाही, फक्त तरंगलांबी (दोन शिखरांमधलं अंतर) कमी होते. एनर्जी गेलीच नाही तर परत कुठून आणायची?

राहिला आइन्स्टाईन. त्याने सांगितलेली कमाल मर्यादा निर्वात पोकळीतल्या प्रकाशाच्या स्पीडची आहे, सेकंदाला 29,97,92,458 मीटर, म्हणजे जवळपास 3 लाख किमी. पाण्यात एखादा इलेक्ट्रॉन तिथल्या प्रकाशाच्या पुढे जाऊ शकतो, जातोही, आणि तेव्हा निळा उजेड पडतो, त्याला चेरेन्कोव्ह या शास्त्रज्ञाचं नाव आहे. आपल्या ट्रॉम्बेला 1956 मध्ये सुरू झालेली अप्सरा अणुभट्टी पाण्याच्या टाकीतलीच होती, तिथे हाच निळा उजेड दिसायचा. तो इलेक्ट्रॉन पाण्यातल्या सव्वादोन लाखांच्या पुढे असतो, पण पोकळीतल्या प्रकाशाच्या मागेच.